स्वातंत्र्य कुणाकुणाचं?

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ‘भाषण व अभिव्यक्तिस्वातंत्र्य’ असे भले मोठे शब्द असतात. राज्यघटनेचं कलम १९! आपण ते पाठ करतो, गुण मिळवतो आणि विसरून जातो. पण अभिव्यक्ती म्हणजे फक्त बोलणं आणि लिहिणं का? कपडे, केस, आपण सांगतो ते नाव, यांतूनही आपण स्वतःविषयी काहीतरी सांगतच असतो की!

बाळ जन्मलं की ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ अशी नोंद होते. बहुतेकांना ती नोंद मोठेपणीही पटते. काहींना मात्र आतून वाटत राहतं, ‘ही नोंद माझी नाही.’ अशा व्यक्तींना पारलिंगी किंवा तृतीयपंथी म्हणतात.

पूर्वी बालगंधर्व शालू नेसून रंगमंचावर आले की टाळ्यांचा कडकडाट व्हायचा. पण ती भूमिका होती. नाटक संपलं की ते पुन्हा नारायणराव राजहंस! तृतीयपंथी व्यक्तीचं मात्र ते नाटक नसतं, रोजचं जगणं असतं. आणि त्याला टाळ्या नाही, शिक्षा मिळे. १८७१ साली इंग्रज सरकारने उत्तर हिंदुस्थानात एक कायदा लागू केला. त्यानुसार नुसत्या संशयावरून अशा लोकांची यादी करता येई. यादीतली व्यक्ती बायकांचे कपडे किंवा दागिने घालून रस्त्यात दिसली, की वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद!

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वेगळाच निकाल दिला. ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनीही तिथे आपली बाजू मांडली होती. न्यायालय म्हणालं, आपण पुरुष, स्त्री की तृतीयपंथी, हे ज्याचं त्याने ठरवावं. पेहराव, बोलणं आणि वागणं यांतून ते दाखवणं हेही कलम १९ मधलं स्वातंत्र्यच आहे.

मग आपल्या मनातलं चित्र कोण बनवतं? बरंचसं सिनेमा आणि टीव्ही! वर्षानुवर्षं सिनेमात तृतीयपंथी आले ते हसण्यासाठी किंवा घाबरवण्यासाठी. २०१७ साली विक्सच्या जाहिरातीत गौरी सावंत दिसल्या त्या एका मुलीची आई म्हणून. २०२३ साली त्यांच्या जीवनावर ‘ताली’ ही मालिका आली. मुख्य भूमिका सुश्मिता सेन यांची. लगेच वाद! कुणी म्हणालं, ‘तृतीयपंथी कलाकाराला का घेतलं नाही?’ कुणी म्हणालं, ‘कलाकाराने कुणाचीही भूमिका करावी.’

असे वाद व्हायलाच हवेत. कायदा कसा असावा, खेळांच्या स्पर्धांचे नियम काय असावेत, यावरही जगभर मतभेद आहेत. वेगळं मत असणं हा काही गुन्हा नाही. प्रश्न विचारा, शंका काढा, जरूर वाद घाला!

पण वाद घालणं वेगळं आणि चिडवणं वेगळं. वर्गात एखाद्याला रोज ‘बायल्या, बायल्या’ म्हटलं, की हळूहळू तो हात वर करेनासा होतो. उत्तर येत असूनही गप्प बसतो. चिडवणारा म्हणतो, ‘मी नुसतं बोललो!’ खरंय. पण त्या बोलण्याने दुसऱ्याचं बोलणंच बंद पाडलं ना? कलम १९ दोघांचंही आहे.

आज रात्री जेवताना आईबाबांना विचारा, त्यांच्या वर्गात असं गप्प बसणारं कुणी होतं का?