डोक्यावरचे शिकारी पक्षी

शिकारी पक्षी म्हटले की आपल्याला दूरची अभयारण्ये आठवतात. प्रत्यक्षात शाळेच्या पटांगणात उभे राहून मान वर केली, तर बहुतेक गावांत आणि शहरांत एक शिकारी पक्षी सहज दिसतो. तो म्हणजे घार. शिक्रा आणि कापशी हेही वस्तीच्या आसपास राहतात. मात्र ते ओळखायला थोडी सवय लागते.

घारीचा रंग तपकिरी आणि शेपटीला मधोमध खाच असते. उडताना ही शेपटी सारखी तिरकी होते. तिचा उपयोग सुकाणूसारखा होतो. सकाळी घारी झाडांवर बसून असतात आणि ऊन चढले की घिरट्या घालू लागतात. असे का? पत्र्याची छपरे, डांबरी रस्ते, नांगरलेली शेते उन्हाने लवकर तापतात. त्यांच्या लगतची हवा तापून प्रसरण पावते, हलकी होते आणि वर चढते. या चढत्या हवेत घार पंख पसरून गोल फिरते. हवेच्या मानाने पाहिले तर ती हळूहळू खालीच येत असते. पण हवा त्याहून जास्त वेगाने वर जात असल्यामुळे घार उंच चढते. पंख हलवण्याचे श्रम वाचतात. ढगाळ दिवशी घिरट्या केव्हा सुरू होतात, हे विद्यार्थ्यांना पाहायला सांगावे.

घार किती उंचीवर आहे, हेही काढता येते. घारीच्या पसरलेल्या पंखांची लांबी सुमारे दीड मीटर धरू. घार डोक्यावर असताना हात लांब करून पट्टी धरा. समजा, पट्टी डोळ्यापासून ६० सेंमी आहे आणि पंख त्यावर १.५ सेंमी दिसले. समरूप त्रिकोणांच्या नियमाने उंची = १.५ मीटर × ६० ÷ १.५ = ६० मीटर. उत्तर अंदाजे येते, पण भूमितीचा असा उपयोग वर्गात लक्षात राहतो.

शिक्रा कबुतराएवढा असतो. वरून राखाडी, छातीवर तांबूस आडवे पट्टे, पंख आखूड आणि शेपूट लांब. अशा बांध्यामुळे त्याला झाडांच्या फांद्यांतून झटकन वळता येते. तो दिसण्याआधी त्याची बातमी लागते. बुलबुल आणि खारी एकदम ओरडू लागल्या की आसपासची झाडे नीट पाहावीत. कापशी शेताजवळच्या तारांवर बसते. पांढरट-राखाडी रंग, काळे खांदे आणि लाल डोळे या तिच्या खुणा. उंदीर शोधताना ती पंख फडफडवत हवेत एकाच जागी थांबते.

निरीक्षणासाठी आठ पटींची साधी दुर्बीण पुरते. दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहू नये, ही सूचना विद्यार्थ्यांना आधीच द्यावी. छायाचित्र घेताना सूर्य आपल्या पाठीशी असावा. उडत्या पक्ष्यासाठी शटरचा वेग सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहून कमी ठेवावा. कॅमेरा उजळ आकाशाचा प्रकाश मोजतो, म्हणून पक्षी काळा पडतो. एक्स्पोजर एक स्टॉपने वाढवले की पोटावरचे पट्टे दिसू लागतात. चित्र सुबक आले नाही तरी शेपटीचा आकार कळला, तर ओळख पटते.

घरट्याजवळ मात्र जाऊ नये. आपल्या भीतीने मादी उठून गेली, तर अंडी उन्हात तापतात किंवा कावळे ती पळवतात. फोटोसाठी मांसाचे तुकडे टाकू नयेत आणि घरट्याची जागा सगळ्यांना सांगत सुटू नये.

हे सारे कशासाठी? गिधाडांचे उदाहरण पाहा. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात डॉ. विभू प्रकाश यांनी १९८०च्या दशकात गिधाडांची घरटी मोजली होती. १९९०च्या दशकात पुन्हा मोजणी झाली, तेव्हा मोठी घट उघड झाली. जुने आकडे हाताशी होते म्हणूनच ती कळली. २००४ साली पाकिस्तानातील संशोधनातून कारण सापडले. गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करत होते. २००६ साली भारतात गुरांसाठी या औषधावर बंदी आली, पण तोवर बहुतेक गिधाडे गेली होती.

एके काळी गिधाडेही घारीइतकीच नेहमीची होती, आणि नेहमीचे पक्षी सहसा कोणी मोजत नाही. म्हणून शाळेने एक वही घालावी. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, त्याच जागेवरून पंधरा मिनिटे पाहावे. तीच घार दोनदा मोजली जाऊ नये म्हणून एका वेळी दिसलेल्या सर्वांत जास्त घारींचा आकडा लिहावा. तारीख, वेळ आणि ढगांची स्थितीही नोंदवावी. एकही घार दिसली नाही, तर शून्य लिहावे. ती जागा कोरी सोडू नये. ही वही दरवर्षी पुढच्या वर्गाकडे सोपवली, तर दहा वर्षांनी त्या गावातल्या घारींबद्दल पुराव्यानिशी बोलता येईल.