१०१ स्प्रिंग स्ट्रीट

१०१ स्प्रिंग स्ट्रीट ही अमेरिकेतील न्यू यॉर्क शहराच्या सोहो भागातील एक ऐतिहासिक व्यापारी इमारत आहे. निकोलस व्हाइट या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार ती १८७० मध्ये बांधण्यात आली. शिल्पकार डोनाल्ड जड (१९२८–१९९४) यांनी १९६८ मध्ये ती ६८,००० डॉलरला विकत घेऊन तिचे निवासस्थान व कार्यशाळेत रूपांतर केले. जुन्या व्यापारी वास्तूचे मूळ स्वरूप न बिघडवता तिचे घर कसे करता येते, याचे उदाहरण म्हणून ही इमारत ओळखली जाते.

रचना

स्प्रिंग व मर्सर या रस्त्यांच्या कोपऱ्यावरील ही इमारत पाच मजली असून तिला दोन तळघरे आहेत. प्रत्येक मजला सुमारे २५ फूट रुंद आणि ७५ फूट लांब आहे. दोन्ही रस्त्यांकडील दर्शनी भाग ओतीव लोखंडाचे (बिडाचे) आहेत. लोखंडाचे सडपातळ खांब भार पेलत असल्याने जाड दगडी भिंतींची गरज उरत नाही व खिडक्या मोठ्या ठेवता येतात. विजेच्या दिव्यांपूर्वीच्या काळात माल मांडण्यासाठी व कारागिरांच्या कामासाठी असा उजेड आवश्यक होता. शंभर वर्षांनंतर हाच उजेड आणि मजल्यांचा मोकळेपणा कलावंतांना उपयोगी पडला.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या मध्यास या भागातील उद्योग बाहेर जाऊ लागले आणि अनेक मजले ओस पडले. त्यातच मॅनहॅटनच्या दक्षिण भागातून नियोजित असलेल्या द्रुतगती मार्गामुळे परिसर पाडला जाण्याची शक्यता होती. स्थानिक रहिवासी व कलावंतांच्या विरोधानंतर १९६९ मध्ये ही योजना सोडून देण्यात आली. या विरोधात जड कुटुंबाचाही सहभाग होता. हा भाग उद्योगांसाठी राखीव असल्याने तेथील निवास मुळात नियमबाह्य होता. १९७१ मध्ये शहराने प्रमाणित कलावंतांना येथे राहण्यास मुभा दिली आणि १९७३ मध्ये सोहोतील ओतीव लोखंडाच्या इमारतींच्या परिसराला वारसा क्षेत्राचा दर्जा मिळाला.

निवासात रूपांतर

रूपांतर करताना जड यांनी मजले लहान खोल्यांमध्ये विभागले नाहीत. त्याऐवजी प्रत्येक मजल्याला एक काम नेमून दिले. तळमजला कलाकृती मांडण्यासाठी, दुसरा स्वयंपाक व जेवणासाठी, तिसरा कार्यशाळेसाठी, चौथा बैठक व पाहुण्यांच्या भोजनासाठी आणि पाचवा झोपण्यासाठी वापरला जाई. चौथ्या मजल्यावर जमीन व छत एकाच प्रकारच्या लाकडी फळ्यांनी मढवून समोरासमोरची दोन समांतर पृष्ठे साधली आहेत. पाचव्या मजल्यावर लाकडी चौथऱ्यावरील बुटका बिछाना असून डॅन फ्लेव्हिन यांची ट्यूबलाइटची कलाकृती मजल्याच्या लांबीभर पसरलेली आहे. फर्निचर व कलाकृती यांची जागा ठरली की ती शक्यतो बदलू नये, असा जड यांचा आग्रह होता. कायमस्वरूपी मांडणीची ही कल्पना त्यांनी पुढे टेक्सासमधील मार्फा येथे अधिक मोठ्या प्रमाणावर राबवली.

जतन

जड यांच्या मृत्यूनंतर इमारतीची व्यवस्था जड फाउंडेशनकडे आली. तीन वर्षांच्या जीर्णोद्धारानंतर २०१३ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. दर्शनी भागातील लोखंडाची दुरुस्ती करण्यात आली आणि अग्निसुरक्षेची आधुनिक यंत्रणा बसवण्यात आली. सलग मोकळे मजले हेच या घराचे वैशिष्ट्य, तर आग पसरू नये म्हणून जागा विभागणे हा सुरक्षेचा प्रचलित उपाय. या दोहोंचा मेळ घालणे हा कामातील अवघड भाग होता.

महत्त्व

सोहोतील अशा रूपांतरांनी पाडल्या जाऊ शकणाऱ्या इमारती वाचवल्या. मात्र त्यामुळेच परिसराचे आकर्षण वाढून जागांच्या किमती चढल्या आणि अनेक कलावंतांना तेथे राहणे परवडेनासे झाले. वास्तू टिकली, तरी तिच्या भोवतीची वस्ती टिकेलच असे नाही, हेही या परिसराच्या इतिहासातून दिसते.