जुळलेली बोटे

बाळ जन्मले की घरातील वडीलधारी मंडळी आधी त्याचा चेहरा पाहतात आणि मग हलकेच मूठ उघडून बोटे मोजतात. त्या वेळी दोन बोटे एकमेकांस जुळलेली आढळली, तर घराच्या आनंदावर एकाएकी सावट येते. कोणी ग्रहणाला दोष देतो, कोणी सुनेला. वाचकहो, दोष दोघांचाही नाही.

गर्भावस्थेत हात आरंभी वल्ह्यासारखा सलग असतो. सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास बोटांमधील पेशी आपोआप नाहीशा होऊन बोटे सुटी होतात. हे कार्य अपुरे राहिले की ती जुळलेलीच राहतात. सुमारे २,००० ते ३,००० बालकांमागे एकास असे होते. काही कुटुंबांत हे वारशानेही येते.

२००७ च्या नोव्हेंबरात बेंगळूरु येथील स्पर्श रुग्णालयात, बिहारमधील एका दोन वर्षांच्या बालिकेच्या शरीरास जडलेले अविकसित जुळे सुमारे २७ तासांच्या शस्त्रक्रियेने वेगळे करण्यात आले. साऱ्या जगाने तिची वार्ता वाचली. त्या मानाने बोटे सुटी करणे लहानसे काम. परंतु तेही नाजूकच.

कापड फाडावे तशी बोटे मधोमध चिरता येत नाहीत. सरळ व्रण आकसून बोट वाकवतो, म्हणून छेद नागमोडी घेतात. शिवाय दोन सुट्या बोटांस जुळलेल्या बोटांहून सुमारे एक पंचमांश अधिक कातडी लागते. ती बहुधा जांघेतून घेऊन लावतात. एकाच बोटाच्या दोन्ही बाजू एका वेळी सोडवीत नाहीत. तसे केल्यास रक्तपुरवठा तुटण्याचे भय असते.

योग्य वेळ साधणे महत्त्वाचे. अंगठा व तर्जनी, किंवा अनामिका व करंगळी जुळलेली असल्यास लांब बोट वाकडे वाढू लागते. म्हणून सहा महिन्यांच्या सुमारासच शस्त्रक्रियेचा विचार करतात. एरवी ती बहुधा वर्ष-दीड वर्षाच्या वयात होते. पुढे बोटांमधील बेचकी पुन्हा भरून येऊ शकते. यास्तव वाढ पुरी होईपर्यंत अधूनमधून तपासणी हवी.

आपल्या घरी वा शेजारी असे बाळ असेल, तर त्याचा हात झबल्याच्या बाहीत लपवू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाड्यांत व शासकीय शाळांत बालके तपासतात. त्यांना तो हात अवश्य दाखवा आणि शल्यचिकित्सकाचा सल्ला घ्या. उद्या त्याच हाताला पाटीवर अक्षरे गिरवायची आहेत आणि भाकरीचा घासही आपला आपण मोडायचा आहे.