अंगणातली अँबॅसडर : घरच्या घरी निगा कशी राखावी?

आरोंदा गाव सावंतवाडी तालुक्यात, तेरेखोल नदीच्या काठावर वसले आहे. पलीकडे किरणपाणी, म्हणजे गोव्याची हद्द. नदीचा दमटपणा, समुद्रावरून येणारा खारा वारा आणि वर्षाकाठी 3,000 मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस हे तिन्ही लोखंडाचे वैरी. अशा गावात मांगरात उभी असलेली जुनी अँबॅसडर दोन पावसाळे बेवारस राहिली, की तिसऱ्या वर्षी भंगारवाला दारात येतो. वडिलांनी व्यापाराच्या कमाईतून हौसेने घेतलेली गाडी वजनावर विकली जाते. आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांपैकी अनेकांच्या घरी ही वेळ आली आहे. ती टाळता येते का, घरी किती काम करता येते आणि कोणते काम उस्तादाकडेच न्यावे, याचा विचार आज करू.

गाडी मुळात कोणती?

अँबॅसडर दिसायला आपल्या घरची, पण तिचे मूळ ब्रिटिश आहे. इंग्लंडच्या मॉरिस कंपनीची ऑक्सफर्ड सीरिज थ्री हीच ती गाडी. हिंदुस्तान मोटर्सने पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथील कारखान्यात ती 1957 च्या सुमारास बनवण्यास सुरुवात केली आणि मे 2014 मध्ये उत्पादन थांबवले. तिच्या आधी येथे निघालेल्या लँडमास्टर आणि बेबी हिंदुस्तान याही मॉरिसच्याच. मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड म्हणजे इंग्लंडची ट्रायम्फ हेरल्ड. प्रीमियर पद्मिनी मात्र इटलीच्या फियाट घराण्यातली, तिला येथील सर्व गोष्टी लागू होत नाहीत.

हे मूळ ठाऊक असण्याचा रोख फायदा आहे. सुटा भाग अँबॅसडरच्या नावाने मिळाला नाही, तर मॉरिस ऑक्सफर्डच्या नावाने शोधावा. 1489 सी.सी.चे जुने पेट्रोल इंजिन इंग्लंडच्या बी.एम.सी. कंपनीच्या बी-सीरिजचे आहे. त्याच घराण्यातली इंजिने एम.जी.ए. आणि एम.जी.बी. या स्पोर्ट्स गाड्यांत होती, म्हणून त्याचे काही भाग इंग्लंडमध्ये आजही नवे बनतात. एस.यू. कार्ब्युरेटरचे दुरुस्ती संच तेथील बर्लेन कंपनी तयार करते. आपल्याकडे कलकत्त्याचा मलिक बाजार, मुंबईत कुर्ला आणि चोर बाजार ही जुन्या सुट्या भागांची ठिकाणे कारागिरांना ठाऊक आहेतच.

आधी पाने तपासा

नवशिक्याची पहिली चूक पान्यात होते. या गाड्यांचे नट-बोल्ट इंचाच्या मापाचे आहेत. अर्ध्या इंचाच्या नटाला 13 मिलिमीटरचा पाना बसतो खरा, पण अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर. तेवढ्या फटीने गंजलेल्या नटाचे कोपरे गोल होतात. आमच्याही हातून असे दोन नट गेले, मग छिन्नी आणि हातोडी घेऊन अर्धा दिवस बसावे लागले. नऊ-षोडशांश इंचाच्या नटाला तर 14 मिलिमीटरचा पाना बसतच नाही. म्हणून इंचाच्या पान्यांचा एक बरा संच आधी घ्यावा. त्याहून जुन्या, 1950 च्या आधीच्या ब्रिटिश गाड्यांना व्हिटवर्थ मापाचे वेगळे पाने लागतात. 1990 च्या दशकापासून इसुझूचे इंजिन बसवलेल्या अँबॅसडरला मात्र इंजिनावर मिलिमीटरचे पाने लागतील. गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्री पातळ तेल सोडून ठेवावे. जोर करून बोल्ट तुटण्यापेक्षा एक दिवस गेलेला बरा.

जिवाशी खेळ नको

नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. कोकणातले अंगण मातीचे किंवा सारवलेले असते, पावसाळ्यात ते मऊ होते. जॅक खचतो आणि टनाहून जड गाडी खाली येते. चाकांना अडण लावावे, जॅकखाली जाड फळी ठेवावी आणि गाडी लोखंडी घोड्यांवर टेकवूनच खाली जावे. चिऱ्यांचा थर रचून गाडी टेकवण्याची पद्धत आहे, तीही सोडावी. चिरा दाबाखाली एकाएकी फुटतो. जुन्या ब्रेक-लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. त्याची धूळ फुंकू नये, हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून ते फडके टाकून द्यावे. बंद मांगरात इंजिन चालू ठेवू नये. त्या धुराला वास येवो न येवो, त्यातील विषारी वायू माणूस मारतो.

घरी करण्याची कामे

ग्रीस : त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांना दर 1,000 मैलांना, म्हणजे साधारण 1,600 किलोमीटरना, पुढच्या चाकांच्या सांध्यांत ग्रीस लागे. आजच्या गाड्यांना ते लागत नाही, म्हणून आजचे गॅरेज ते विसरते. मॉरिस मायनरमध्ये हा सांधा ग्रीसवाचून झिजून सुटला, की पुढचे चाक दुमडून गाडी रस्त्यावर बसते. ऑक्सफर्ड त्याच घराण्यातली आहे. गाडी रोज चालत नसेल, तर पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा ग्रीस-गन फिरवावीच. निपलमधून जुने काळे ग्रीस बाहेर येईपर्यंत दाबावे, म्हणजे आतले पाणीही निघते.

ऑइल : 20 डब्ल्यू 50 जातीचे ऑइल या इंजिनांना मानवते. एस.यू. कार्ब्युरेटरच्या वरच्या नळकांड्यातही थोडे पातळ ऑइल लागते. ते संपले, की ॲक्सिलरेटर दाबताच गाडी अडखळते आणि मालक विनाकारण कार्ब्युरेटर बदलायला निघतो.

पॉइंट आणि प्लग : जुन्या डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटची फट 15 थाउ, म्हणजे 0.38 मिलिमीटर ठेवतात. प्लगची फट 25 थाउ. फिलर गेजने मोजावे, अंदाजाने नको. गरम झाल्यावर गाडी बंद पडते आणि थंड झाल्यावर चालू होते, अशी तक्रार असेल तर आधी कंडेन्सर बदलून पाहावा. हा भाग स्वस्त असतो.

टॅपेट : चार सिलिंडरच्या या इंजिनात आठ व्हॉल्व्ह आहेत. ते मोजण्याचा सोपा हिशेब नऊचा आहे. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना पहिल्याची फट मोजावी, सातवा दाबलेला असताना दुसऱ्याची, सहावा दाबलेला असताना तिसऱ्याची. दोन आकड्यांची बेरीज नऊ आली पाहिजे. किती फट ठेवायची, हे आपल्या मॉडेलच्या पुस्तकात पाहून ठरवावे.

वीज : 1960 च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीची धन बाजू बॉडीला जोडलेली असे. आज याच्या उलट चालते. बॅटरी बदलताना हे न पाहता तारा जोडल्या तर नवा रेडिओ किंवा इलेक्ट्रॉनिक भाग तत्काळ जळेल. दिवे मंद लागत असतील, तर बल्ब बदलण्यापूर्वी बॉडीला टेकलेल्या अर्थिंगच्या तारा घासून चकचकीत कराव्यात. खाऱ्या हवेत निम्मे दोष तेथेच सापडतात.

गंज : खरा शत्रू

अँबॅसडरला वेगळी चेसिस नाही, बॉडी हाच तिचा सांगाडा आहे. म्हणून फरशीचा आणि दाराखालच्या पोकळ पेटीचा गंज हा दिसण्याचा नव्हे, ताकदीचा प्रश्न आहे. दारांच्या तळाशी पाणी वाहून जाण्याची बारीक भोके असतात, ती तारेने मोकळी ठेवावीत. किनाऱ्यावर जाऊन आल्यावर गोड्या पाण्याने गाडी खालून धुवावी. गंजावरच डांबरी लेप थापू नये. लेपाखाली पाणी अडते आणि पत्रा आतून खाल्ला जातो. आधी तारेच्या ब्रशने घासावे, गंजरोधक रसायन लावावे, मग प्रायमर आणि रंग. गाडीवर प्लॅस्टिकची ताडपत्री घट्ट बांधू नये, आत घाम धरतो. झावळ्यांचा मांगर, मोकळी हवा आणि सुती आच्छादन उत्तम. पावसाळ्यात पंधरवड्यातून एकदा गाडी चांगली गरम होईपर्यंत चालवावी. पाच मिनिटे चालू करून बंद केल्याने उलट इंजिनात पाणी साचते.

नव्या पेट्रोलचा प्रश्न

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. या गाड्या बनल्या तेव्हा ते नव्हते. इथेनॉल जुने रबर फुगवते, पंपाचा पडदा आणि नळ्या कमकुवत करते आणि हवेतील ओल ओढून घेते. टाकीत महिनोन्‌महिने पेट्रोल साठवू नये, आणि इथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळ्या घालून घ्याव्यात. इंजिनाजवळ पेट्रोलचा वास आला, तर शोध लागेपर्यंत गाडी चालू करू नये.

उस्तादाकडे काय न्यावे?

ब्रेक आणि स्टिअरिंग. जुन्या गाड्यांत ब्रेकची एकच लाइन असते. एका चाकाला गळती लागली, की चारही चाकांचे ब्रेक जातात, फक्त हँडब्रेक उरतो. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषते, ओलावलेले ऑइल आंबोली घाटाच्या उतारावर तापून उकळते आणि पॅडल जमिनीला लागते. ते दर दोन वर्षांनी बदलावे, आणि त्यात साधे इंजिन ऑइल कधीही टाकू नये, रबरी वॉशर फुगतात. ज्याने हे काम पूर्वी केले नाही, त्याने पहिल्यांदा उस्तादाच्या हाताखाली करावे. फरशीचे वेल्डिंगही जाणत्या डेंटरकडूनच व्हावे. त्या वेळी बॅटरी सोडवून ठेवावी आणि पेट्रोलची टाकी दूर असावी.

कागदपत्रे आणि धंदा

केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये विंटेज गाड्यांचे नियम केले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षे झालेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला तशी नोंदणी मिळू शकते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेली गाडी त्यात बसत नाही. म्हणून जुने पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवण्यापूर्वी दोनदा विचार करावा. अशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही. लग्नाला भाड्याने देण्याचा बेत असेल, तर हे आधी समजून घ्यावे.

कारागीर बांधवांना शेवटची सूचना. अशी गाडी जाणणारे जुने हात दरवर्षी कमी होत आहेत आणि मालक मात्र उस्ताद शोधत फिरत आहेत. तेव्हा एक वही ठेवावी. कोणत्या गाडीला कोणता पाना लागला, कोणता भाग कुठून आणला, कितीला पडला, हे तारखेसह लिहावे. गिऱ्हाइकाला काढलेला जुना भाग दाखवून मगच बिल द्यावे. ही वही पुढे आपल्या मुलाच्या किंवा शागिर्दाच्या हाती गेली, तर हुन्नर टिकेल आणि त्याची रोजीही.