‘बाय’ आणि ‘टू’ यांतील अंतर

पेढीचा परदेशी पत्रव्यवहार आता बहुतेक घरांत मुला-सुनांच्या हाती आला आहे. त्यांचे इंग्रजी वडीलधाऱ्यांपेक्षा सफाईदार असते. तरीही ‘रिड्यूस’, म्हणजे कमी करणे, या साध्या क्रियापदापाशी लेखणी जिथे थबकायला हवी तिथे ती थबकत नाही, हीच खरी अडचण.

समजा, परदेशी कंपनीकडून पेढीला १० टक्के दलाली मिळते आणि ती ४ टक्क्यांनी कमी करण्याचे ठरले. येथे ‘रिड्यूस्ड बाय’ हवे. घाईत ‘रिड्यूस्ड टू’ लिहिले गेले, तर दर ६ ऐवजी ४ टक्के होतो. १० लाखांच्या व्यवहारात २० हजार रुपये गेले! कापडाचा ३२० रुपयांचा भाव ४० रुपयांनी उतरविताना हीच चूक झाली, तर समोरचा निदान हसून विचारील तरी. टक्केवारीत मात्र दोन्ही अर्थ संभवतात, त्यामुळे शंका कोणालाच येत नाही.

मराठीत हा भेद सहज सांभाळला जातो. ‘टक्क्यांनी’ म्हणजे दर किती उतरला. ‘टक्क्यांवर’ म्हणजे उतरून कोठे थांबला. पण ‘वर’ म्हणजे ‘ऑन’ हे शाळेतले समीकरण येथे उपयोगाचे नाही. टेबलावरच्या पुस्तकाला ते ठीक. ‘रिड्यूस’ला अशा जागी ‘टू’च लागतो.

रिझर्व्ह बँकेने ७ फेब्रुवारी २०२५ रोजी रेपो दर ६.५० टक्क्यांवरून २५ बेसिस पॉइंटांनी घटवून ६.२५ टक्क्यांवर आणला. इंग्रजीत हेच सांगताना ‘फ्रॉम’ ६.५०, ‘बाय’ २५ आणि ‘टू’ ६.२५ असे तिन्ही शब्द आपापल्या जागी येतात. बेसिस पॉइंट म्हणजे एका टक्क्याचा शंभरावा भाग. बँका हे एकक उगाच वापरीत नाहीत. ‘१० टक्के दर ४ टक्क्यांनी कमी’ याचा अर्थ कोणी दहाचे चार टक्के असाही लावू शकतो, आणि मग दर ९.६० उरतो. ‘बाय’ अचूक लिहूनही वाद उभा!

म्हणून करारात केवळ घट लिहून थांबू नये. ‘फ्रॉम १० पर्सेंट टू ६ पर्सेंट’ असे जुने व नवे दोन्ही दर लिहावेत आणि सही करण्यापूर्वी ते वाक्य घरातील दुसऱ्या कोणाला मराठीत सांगावयास लावावे.