वेगवान ग्राफिक्स कार्ड आणि न दिसणाऱ्या चुका

संगणकातले ग्राफिक्स कार्ड आता नुसते व्हिडिओ गेमपुरते उरलेले नाही. शरीरातली प्रथिने कशी दुमडतात, त्यांच्या कोणत्या खाचेत औषधाचा रेणू बसेल, याची आकडेमोड हीच कार्डे करतात. 2000 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झालेल्या ‘फोल्डिंग अ‍ॅट होम’ प्रकल्पात सामान्य लोक आपल्या घरचा संगणक या कामासाठी देतात. 2020 मध्ये करोना विषाणूच्या अभ्यासासाठी इतके लोक पुढे आले की सगळ्यांची मिळून गती सेकंदाला एकावर अठरा शून्ये इतक्या गणितांच्या पुढे गेली.

यातले बरेच हौशी लोक कार्ड ‘ओव्हरक्लॉक’ करतात, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या गतीपेक्षा जास्त पळवतात. सॉफ्टवेअरने वाढवलेली ही गती संगणक बंद केला की पुसली जाते. मग रोज हाताने आकडे भरण्यापेक्षा ते आपोआप लागू व्हावेत, असे वाटणे साहजिक आहे.

सर्वांत परिचित मार्ग म्हणजे ‘एमएसआय आफ्टरबर्नर’. इतर कंपन्यांच्या कार्डांवरही चालणाऱ्या या सॉफ्टवेअरमध्ये पाच प्रोफाइल साठवता येतात आणि विंडोज सुरू होताच त्यातले एक लागू करता येते. पण आकडे चुकीचे असतील तर संगणक दर वेळी सुरू होताच कोलमडतो आणि सेफ मोडमध्ये जाऊन ते काढावे लागतात. म्हणून नवे आकडे आठवडाभर हाताने लावून वापरावेत आणि मगच ‘आपोआप’चे बटण दाबावे. एएमडीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरची एक सवय लोकांना खटकते: यंत्रणा अचानक बंद पडली की ते सगळे आकडे मूळ पदावर आणते. खरे तर हा दोष नव्हे, शहाणपण आहे. लिनक्सवर हेच काम यंत्र सुरू होताना चालणाऱ्या छोट्या सेवेकडे सोपवता येते. कार्डाच्या बायोसमध्येच नवी गती कोरणे हा सर्वांत कायमस्वरूपी उपाय. पण तो फसला तर कार्ड सुरूच होत नाही आणि वॉरंटीही हातची जाते. घरच्या वापरासाठी या वाटेला जाऊ नये.

विंडोजमध्ये एक सापळा आहे. कार्डाने साधारण दोन सेकंद प्रतिसाद दिला नाही तर विंडोज ड्रायव्हर नव्याने सुरू करते. पडदा क्षणभर काळा होतो, पुन्हा उजळतो, आणि माणूस विसरून जातो. हे लक्षण दुर्लक्षून चालत नाही.

त्याहून वाईट ती चूक, जिचे लक्षणच दिसत नाही. गेममध्ये एखाद्या ठिपक्याचा रंग चुकला तर कोणाचे काही बिघडत नाही. प्रथिनाच्या हिशेबात एक अंक बदलला तर पुढची सगळी हालचाल चुकू शकते. म्हणून ‘फोल्डिंग अ‍ॅट होम’चे सॉफ्टवेअर कार्डाचे हिशेब अधूनमधून पडताळते आणि बिघडलेले काम रद्द करते. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या प्रकल्पातल्या हजारो संगणकांवरच्या कार्डांची मेमरी तपासली गेली. दोन तृतीयांश कार्डांत चुका आढळल्या. ओव्हरक्लॉकिंगचा परिणाम वजा केल्यावरही त्या उरल्या. म्हणजे मूळ गतीवरही पूर्ण निर्धास्त राहता येत नाही. त्यात आपण आणखी भर का घालावी?

गेम तासभर नीट चालला म्हणजे कार्ड स्थिर आहे, हा निष्कर्ष घाईचा ठरतो. काही कार्डांची मेमरी मर्यादेपलीकडे ताणली की चुकलेली माहिती पुन्हा पाठवत बसते. काहीच कोसळत नाही, फक्त काम मंदावते. त्यामुळे गती वाढवल्यावर काम खरोखर लवकर होते का, हेही मोजावे. शिवाय डिसेंबरात पहाटे घेतलेली चाचणी नागपूरच्या मे महिन्यातल्या दुपारी लागू पडेलच असे नाही. कार्ड तापले की आपली गती स्वतःच उतरवते आणि पंखे किंचाळू लागतात.

विजेचे गणितही उलटे आहे. वीज गतीच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. तासन्‌तास चालणाऱ्या वैज्ञानिक कामासाठी विजेची कमाल मर्यादा थोडी खाली आणली तर गती जरा घटते, पण बिल आणि खोलीतली उष्णता चांगलीच उतरते. हेच आकडे एका प्रोफाइलमध्ये ठेवून संगणक सुरू होताना लागू करावेत. गेमसाठी वाढीव गतीचे दुसरे प्रोफाइल ठेवावे आणि ते खेळायला बसताना हातानेच लावावे.