कविता वाचताना – ६ : औदुंबराचे पाय

शाळेत आमच्या मराठीच्या पेपरात दोन गुणांचा एक प्रश्न ठरलेला असे : औदुंबर कशाचे प्रतीक आहे? उत्तर, ‘विरक्तीचे’. एका मुलाने ‘झाडाचे’ असे लिहिले आणि भोपळा घेऊन घरी गेला. निदान एक गुण त्याचा होता, असे मला अजून वाटते.

बालकवींची ‘औदुंबर’ ही कविता अवघ्या आठ ओळींची. तिच्यावर लिहिले गेले मात्र ढीगभर. कुणाला ते नुसते निसर्गचित्र वाटते, कुणाला त्यातल्या डोहात मृत्यू दिसतो, कुणाला झाडाखाली दत्तगुरू. मग अर्थासाठी खणायचे तरी किती? माझ्यापुरते उत्तर असे : हवे तेवढे खणा, पण हाताला लागेल तो कवितेतलाच शब्द असला पाहिजे.

आधी नुसते रंग पाहू. हिरवा तीनदा येतो. झऱ्याला सावळी निळाई आहे, पायवाट पांढरी, डोह काळा. रंग नाही तो दोघांनाच : पलीकडच्या चार घरांच्या गावाला आणि अगदी शेवटी येणाऱ्या त्या झाडाला. गावात घरे आहेत, पण माणूस एकही दिसत नाही. पायवाट आहे, पण तिच्यावरून कुणी चाललेले नाही; वाटच चालत डोहाकडे जाते. आठ ओळींत माणसासारखे काही करणारा असा एकटा औदुंबर. तो बसला आहे. एवढे दिसायला कुठल्याही तत्त्वज्ञानाची गरज पडत नाही. दोनदा सावकाश वाचले की पुरे.

आता मृत्यू. हिरव्यातून निघालेली वाट काळ्या पाण्याशी संपते, तेव्हा ही शंका येणारच. ती काही ओढूनताणून आणलेली नाही. पण पाण्यावर पसरलेल्या काळिम्याला बालकवींनी ‘गोड’ म्हटले आहे. ज्याला डोहात भय दिसते, त्याने आधी या एका विशेषणाचा हिशेब द्यावा. बरेच जण तो देत नाहीत. ते चरित्राकडे वळतात. १९१८ च्या मे महिन्यात भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. ही गोष्ट माहीत झाली की त्यांच्या प्रत्येक ओळीत रुळांचा खडखडाट ऐकू येऊ लागतो. पण तो आपल्या कानातला. कविता लिहिताना कवीला तो अपघात कुठून ठाऊक असणार?

दत्ताच्या अर्थाला मी इतक्या सहज हसणार नाही. ‘उंबर’ म्हटले असते तर रस्त्याकडेचे झाड डोळ्यांपुढे आले असते, खाली लाल फळांचा सडा, त्यात चिलटे. ‘औदुंबर’ म्हटले की पार येतो, पादुका येतात, नरसोबाची वाडी येते. कवीने निवडला तो हा शब्द. म्हणजे विरक्तीवाल्यांच्या पदरात काहीतरी आहे.

पण तो बसला कसा आहे? पाण्यात पाय सोडून! बैरागी असा बसतो का? तो मांडी घालील, आसन लावील. पाण्यात पाय सोडून बसते ते शाळा बुडवलेले पोर, नाहीतर दिवसभर चालून थकलेला वाटसरू. मला इथे विरक्तीपेक्षा निवांतपणा जास्त दिसतो, आणि तो ‘गोड’ही मग परका वाटत नाही. कुणी म्हणेल, वाटसरू थकून डोहाशी पोचला, हाही मृत्यूच की! म्हणू द्या. त्याने निदान पायांकडे पाहिले.

पुढच्या आठवड्यात केशवसुतांची ‘झपूर्झा’. तिथे तर कविता दुर्बोध वाटू नये म्हणून खुद्द कवीनेच टीप जोडली आहे. टीप शेवटी वाचा, आधी कविता.